धाकटीचा चालता हात

माझी धाकटी बहीण आठ दिवसांत गोधडी पुरी करते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे काही बोलेन ते कुठल्या पोटदुखीतून येतंय ते कळेल. ती धुळ्याला असते, मी जळगावला. मध्ये पारोळा लागतं आणि त्याच्या जवळच्याच एका खेड्यात आमचं माहेर होतं. एसटीनं जायचं तर दोन-अडीच तास लागतात, पण तिची गोधडी झाली की मला अर्ध्या मिनिटात कळतं. ती गोधडी गॅलरीच्या कठड्यावर टाकते, फोटो काढते आणि गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर पाठवते. खाली लिहिते, 'सातवी पूर्ण.' मग अंगठे, फुलं, टाळ्या. मीही अंगठा टाकते. एकदा अंगठा टाकताना आमच्या ह्यांनी माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, "दाढ दुखतेय का?"

ग्रुपात मला तिनंच घातलं. मी कचेरीतून निवृत्त झाले त्याच आठवड्यात. "आता रिकामीच आहेस, एखादी शिव," म्हणाली. त्या ग्रुपात पन्नास-साठ बायका. कुणी भुसावळची, कुणी चोपड्याची, कुणी लग्न होऊन पुण्याला गेलेली. सगळ्या हौसेनं शिवणाऱ्या. हौस म्हटल्यावर घाई कशाला, असं मला वाटायचं. पण तिथे रोज कुणाचं तरी काहीतरी पूर्ण होत असतं. सकाळी चहा घेताना फोन उघडावा तर तीन गोधड्या पुऱ्या झालेल्या, आणि माझ्या मांडीवर कालची तीच ओळ.

ती मशीनवर मारते, असं म्हणायची सोय असती तर मी सुखात राहिले असते. नाही. ती हातानं शिवते. धाव दोरा, सरळ ओळी, टाके एका मापाचे. मी फोटो मोठा करून करून पाहिलेत. एकदा एका कोपऱ्यात ओळ जरा वाकडी गेलेली दिसली, तेव्हा मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

लहानपणापासून हे असंच आहे. कापूस वेचायला दोघी एकदम शेतात उतरायचो. तिची ओटी भरून रिकामी व्हायची, तोवर माझ्या ओटीचा तळसुद्धा झाकलेला नसायचा. भाकरी ती थापायची आणि मी भाजायचे, कारण माझ्या थापण्याच्या वेगानं चूल विझली असती. बाळंतपणसुद्धा तिचं दोन तासांत उरकलं. माझ्या वेळी मी एका सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत पलंगाचा दांडा धरून होते आणि ती नंतर मला बघायला येऊन म्हणाली, "एवढा वेळ का लागला गं?" ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

मायचा मात्र हात माझ्यासारखा होता. आमच्याकडे आईला मायच म्हणतात. ती दिवाळीनंतर ओसरीत गोधडी अंथरायची. खालचं लुगडं ताणून चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि पाण्याचा तांब्या ठेवायची. मग जुन्या कापडाचे थर, वर दुसरं लुगडं, लांब लांब कच्चे टाके घालून सगळं जागच्या जागी धरायचं आणि मग कडेपासून आत, फेऱ्यांवर फेऱ्या. गोधडी नेहमी मधोमध संपते. दिवाळीला अंथरलेली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपायची. आखाजीला माहेरवाशिणी झोके घ्यायला यायच्या आणि मायच्या गोधडीच्या मधल्या वीतभर जागेत टाके घालून जायच्या. ती कुणाला नको म्हणायची नाही. नंतर स्वतः उसवायचीही नाही. त्यामुळे आमच्या घरच्या गोधड्यांच्या पोटात कुणाकुणाचे वेडेवाकडे टाके असायचे.

माय गेली तेव्हा तिची दहा लुगडी निघाली. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की हातात घेतल्यावर ओघळायची. चुलीचा धूर, कडुलिंबाचा पाला आणि ती. असा वास. आम्ही दोघी बहिणीच, पाच पाच घ्यायचं ठरलं. मी मोठी म्हणून म्हटलं, "तू आधी घे." मोठेपणा करायला गेले आणि फसले. तिनं पहिल्या झटक्यात वांगी रंगाचं, राई रंगाच्या काठाचं लुगडं उचललं. माय ते सणावारी नेसायची आणि मला तेच हवं होतं. पुढची चार कोणती तिनं घेतली ते मला आठवत नाही, पण ते एक उचलताना तिचा हात कसा गेला ते आठवतं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला दिवस गेले. जावई भुसावळजवळ दीपनगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत राहतात, पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे. आणि बाळाची पहिली गोधडी आईच्या आईनं करायची, तीही जुन्या, वापरलेल्या, पुरं आयुष्य पाहिलेल्या बाईच्या लुगड्याची. नवं कापड बाळाला टोचतं. हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना ठाऊकच असतं. मी मायची पाचही लुगडी काढली. एक पुरलं असतं. पण मला पाचही त्यात हवी होती. गरम पाण्यात घालून, साबण लावून, दोन उन्हं दाखवली. बाळाच्या अंगाखाली जायचं म्हटल्यावर स्वच्छ नको? मग कात्री घेतली आणि प्रत्येकाचा मऊ मऊ भाग कापून काढला. त्या क्षणी मला काहीच वाटलं नाही. वाटलं ते एवढंच की आता ह्या एका बाबतीत तरी मी धाकटीच्या पुढे आहे. नातवंड माझं, गोधडी माझी.

चार महिने हातात होते. चार महिन्यांत धाकटीनं सहा केल्या असत्या. मी रोज दुपारी दोन तास बसायचे. चष्मा, सुई, दोरा ओवायला पाच मिनिटं, मग एक ओळ, मग पाठ. टाका तांदळाच्या दाण्याएवढा पडला नाही तर मला चैन पडत नाही. मोठा पडला की उसवते. "नातवंड दहावीला जाईल तेव्हा पांघरेल," हे म्हणाले. ह्यांचं बोलणं मी मनावर घेत नाही. पण ग्रुपावर एकीनं विचारलं, "तुम्हाला एका गोधडीला किती दिवस लागतात?" आणि उत्तरांचा पाऊस पडला. आठ दिवस. दहा दिवस. लहान असेल तर चार. तेवढ्यात धाकटीनं लिहिलं, 'आमच्या अक्काची श्रावणापासून चालू आहे. बाळ पळायला लागेल तोवर होईल.' खाली हसणारी तोंडं. मी मोजली नाहीत, पण खूप होती.

मी फोन पालथा ठेवला आणि त्या दुपारी चार ओळी घातल्या. लांब लांब टाके, भराभर. खरंच, हात चालला की किती लवकर होतं! संध्याकाळी उजेडात पाहिलं तर त्या चार ओळी बाकीच्या गोधडीत उपऱ्यासारख्या बसलेल्या. दुसऱ्या दिवशी चारही उसवल्या. म्हणजे दोन दिवस गेले आणि मी होते तिथेच.

दर रविवारी धाकटीचा फोन यायचा, गोधडी झाली का हे आमच्या अहिराणीत विचारायला. "अक्का, व्हयनी का वं?"

"चालू शे."

"फोटू धाड."

मी फोटो कधी पाठवला नाही.

बाळ तीन आठवडे आधी आलं. मार्गशीर्षातली थंडी, मुलगी छान, नात छान, आणि माझ्या गोधडीत मधोमध परातीएवढी जागा कच्च्या टाक्यांवर राहिलेली. बाराव्या दिवशी बारसं. मी आदल्या दिवसापर्यंत बसले. डिंकाचे लाडू विकत आणावे लागले, कारण मी गोधडीवरून उठत नव्हते. तरी तळहाताएवढी जागा राहिलीच. मी ती घडी करून कपाटात ठेवली. अर्धवट गोधडी पाळण्यात घालणार नाही, म्हटलं.

बारशाला धाकटी सकाळच्या गाडीनं आली. हातात मोठी पिशवी. पिशवीतून तिनं गोधडी काढली आणि दोन्ही हातांनी झटकून पाळण्यावर धरली. खोलीतल्या सगळ्या बायका एकदम पुढे सरकल्या. पिवळे, हिरवे, डाळिंबी त्रिकोण, मध्ये एक फूल, कडेला लाल पट्टी. दीपनगरहून आलेल्या विहीणबाईंनी तिच्यावरून हात फिरवला. "किती सुंदर! किती दिवस लागले हो?"

"सहा," धाकटी म्हणाली. अगदी साधेपणानं म्हणाली. तिला तो साधेपणा परवडतो.

नात तिच्या गोधडीवर ठेवली. माझी नात, माझ्या घरात, माझ्या पाळण्यात. बायका फोटो काढत होत्या. मी वाकून गोधडीचं टोक दोन बोटांत धरलं. कापड नवं होतं. खळ अजून गेली नव्हती. मग मी उलटी बाजू पाहिली. तिथेही नवंच. मायच्या लुगड्याचा एक तुकडा नाही. ग्रुपावरच्या त्या सात-आठ गोधड्या डोळ्यांसमोरून गेल्या आणि कळलं की त्यांतही नव्हता. सगळ्या शिंप्याकडच्या चिंध्यांच्या. आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. पकडली, असं वाटलं.

मी मोठ्यानं म्हटलं, "कापड नवं दिसतंय गं. मायची पाच लुगडी होती ना तुझ्याकडे? काय केलंस त्यांचं, भांडीवालीला दिलीस? कढई तरी बरी मिळाली का?"

बायका हसल्या. आमच्याकडे जुन्या कपड्यांवर भांडी घेणं हा सगळ्यांचाच उद्योग, त्यामुळे हसणं सहज आलं. विहीणबाईही हसल्या. धाकटी हसली नाही, रागावली नाही. तिनं बाळाच्या पायाखालची सुरकुती सरळ केली. ताटात वाढलेला लाडू तिनं इतका वेळ हातात धरून ठेवला की तो चुरायला लागला. मी तिला इतकं सावकाश काही करताना कधी पाहिलं नव्हतं. चारच्या गाडीनं ती गेली. ओटी भरायला थांब म्हटलं तर "गाडी जाईल" म्हणाली.

रात्री भांडी आवरताना हे म्हणाले, "ते बोलायला नको होतं."

"मस्करी केली," मी म्हटलं.

"मस्करी वाटली नाही."

त्यानंतर ग्रुपावर तिचं काहीच आलं नाही. पहिला आठवडा मला बरं वाटलं, हे मी कबूल करते. सकाळचा चहा निवांत व्हायचा. दुसऱ्या आठवड्यात मी उगाच ग्रुप उघडून बघू लागले. बायका विचारत होत्या, 'धुळ्याच्या ताई कुठे गेल्या?' रविवारचा फोनही बंद. माझी गोधडी तेवढ्यात पुरी झाली. मधली शेवटची ओळ घातली, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. नातीला तिच्यावर ठेवलं तर पोर हातपाय ताणून झोपून गेली. मी फोटो काढला आणि ग्रुपावर टाकला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. अंगठे आले, फुलं आली, एकीनं लिहिलं, 'टाके काय सुंदर आहेत!' मी सगळं वाचलं आणि ज्या एका अंगठ्याची वाट पाहत होते तो आला नाही. माझ्या लक्षात आलं, मी ती गोधडी नातीसाठी जितकी शिवली तितकीच धाकटीला दाखवायला शिवली होती, आणि तिनं पाहिलंच नाही.

मग मी भरताची चार वांगी घेतली आणि धुळ्याला गेले. आधी कळवलं नाही. दार तिनंच उघडलं.

"वांगा लई उनी का?" वांगी आणलीस का, असं पिशवीकडे बघत म्हणाली. माझ्याकडे नाही.

"लई उनू," मी म्हटलं.

तिनं वांगी घेतली, पाणी दिलं आणि चहा टाकायच्या ऐवजी आतल्या खोलीत गेली. मी मागे गेले. तिनं पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली, झाकण उघडलं आणि बाजूला झाली. पाचही लुगडी होती. घड्या मोडलेल्या नाहीत, वर कडुलिंबाचा सुकलेला पाला. सगळ्यात वर ते वांगी रंगाचं.

"भांडीवालीले नही दिन्हा," ती म्हणाली.

मी खाली बसले.

"दरसाल काढस, वारा लावस, परत ठेवी देस." दरवर्षी ती लुगडी काढून, वारा लावून परत ठेवत होती. तिचा आवाज नेहमीसारखा भराभर नव्हता. "तुनी कात्री चालनी कशी वं अक्का? मना हात चालना नही. येक गोधडी व्हयनी का दुसरी कराले लागस. म्हणस, हाई व्हयनी का मंग मायनी करसू."

म्हणजे मायच्या लुगड्यावर कात्री चालवायला तिचा हात झाला नव्हता. त्या सगळ्या गोधड्या, सातवी, आठवी, ते त्रिकोण, ती फुलं. एक मायची करायची राहिली होती आणि ती टाळता यावी म्हणून बाकीच्या. त्या क्षणी मोठ्या बहिणीसारखं मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी वांगी लुगडं उचलून तोंडावर धरलं. चुलीचा धूर होता. कडुलिंब होता. आणि माय होती, तशीच्या तशी. माझी पाच लुगडी मी साबणानं धुऊन, उन्हात घालून, कापून टाकली होती. त्यांना आता कपड्याच्या साबणाचा वास येतो. हिच्याकडे सगळंच्या सगळं शिल्लक. माझ्या पोटात इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं आणि धाकटीला वाटलं, मला तिच्यासाठी वाईट वाटतंय.

"बारशात बोलले ते चुकलं माझं," मी म्हटलं. ते मात्र खरं होतं.

"बोलीस तं बोलीस," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. वांगी भाजली, भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली. मी जेवत असताना तिनं वांगी लुगडं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवलेलं मी पाहिलं.

"हे कशाला?"

"मनी गोधडी तू शिव. तुना हातनी पाहिजे." तिची गोधडी मी शिवायची, माझ्या हातची. मग दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा म्हणाली, "माले घाई नही."

जिच्या तोंडून जन्मात हे शब्द आले नव्हते, ती असं म्हणाली.

मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सतरंजी अंथरली, लुगडं पसरलं, कोपऱ्यांवर वरवंटा आणि तांबे ठेवले. कात्री आणली. कात्री बाजूला ठेवून आधी एकदा वास घेतला. मग म्हटलं, आज अमावस्या आहे, उद्या करू. उद्या मुलगी दीपनगरला जाणार होती, घरात पसारा नको. परवा सुई चांगली मिळेना. लुगडं मी परत वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलं. दुपारी दोन वाजले की काढते, मांडीवर घेते, थोडा वेळ बसते. न धुतलेलं, न कापलेलं. मग ठेवून देते. ग्रुपावर धाकटी परत आलीय. नववी पूर्ण, दहावी पूर्ण. मी अंगठा टाकते आणि आता माझी दाढ दुखत नाही. दुखतं ते दुसरीकडे. तिच्या पेटीत अजून चार आहेत.

रविवारी तिचा फोन येतो.

"व्हयनी का वं?"

"चालू शे," मी म्हणते.

आखाजी होऊन गेली, पावसाळा तोंडावर आला. दर रविवारी ती विचारते आणि दर रविवारी मी हेच सांगते. पण ह्या गोधडीचा फोटो धाड, असं ती अजून एकदाही म्हणालेली नाही.